वेळेवर वाजणारा लॅपटॉप

१९८५ साली अटारी कंपनीने ‘५२० एसटी’ नावाचा घरगुती संगणक बाजारात आणला. त्याचा प्रोसेसर ८ मेगाहर्ट्झचा होता आणि मेमरी ५१२ किलोबाइट. आजच्या मोबाइलने काढलेला एक फोटोही त्या मेमरीत मावला नसता. तरीही युरोपातल्या संगीतकारांनी हा संगणक उचलून धरला आणि पुढे कितीतरी वर्षं तो अनेक स्टुडिओंमध्ये टिकून राहिला. त्याची कारणं दोन होती. पहिलं म्हणजे, इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी एकमेकांशी बोलावं यासाठी १९८३ मध्ये ठरलेल्या ‘मिडी’ पद्धतीची सॉकेट्स त्याला कारखान्यातूनच बसवलेली होती. दुसरं म्हणजे, कुठला सूर कधी वाजवायचा याची सूचना तो वाद्याला अगदी ठरल्या क्षणी पाठवत असे. हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीचं ‘क्यूबेस’ हे आज जगभर वापरलं जाणारं सॉफ्टवेअर १९८९ मध्ये पहिल्यांदा आलं, तेही याच संगणकावर.

अटारी सूचना साठवायचा आणि पाठवायचा; आवाज मात्र बाहेरच्या वाद्यांतून यायचा. आजचा लॅपटॉप गाणं ध्वनिमुद्रित करतो, तबल्यापासून व्हायोलिनपर्यंतची वाद्यं स्वतः वाजवतो, मिक्सिंग करतो आणि तयार गाणं हातात देतो. काम हजारो पटींनी वाढलं, पण पारख करण्याच्या कसोट्या त्याच दोन आहेत: याला काय काय जोडता येतं आणि हा वेळ पाळतो का? दुकानात लॅपटॉप विकला जातो तो वेगाच्या आकड्यांवर. संगीताला वेग लागतोच, पण त्याहून जास्त लागतो नियमितपणा. या प्रकरणात आपण प्रोसेसर, मेमरी, डिस्क, सॉकेट आणि बॅटरी या प्रत्येक गोष्टीकडे याच नजरेने पाहणार आहोत.

एका सेकंदाचे अठ्ठेचाळीस हजार तुकडे

माइकसमोर गायलेला आवाज संगणकात आकड्यांच्या रूपात शिरतो. आवाजाची पातळी सेकंदाला हजारो वेळा मोजली जाते आणि प्रत्येक मोजणीचा एक आकडा बनतो. सीडीसाठी ही मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते. चित्रपट आणि व्हिडिओच्या कामात ४८,००० वेळा. हे आकडे एकेक करून हाताळणं संगणकाला परवडत नाही, म्हणून तो त्यांचे छोटे गठ्ठे करतो. या गठ्ठ्याला ‘बफर’ म्हणतात. गठ्ठा ६४, १२८, २५६, ५१२ किंवा १,०२४ आकड्यांचा असतो आणि तो किती मोठा ठेवायचा हे सॉफ्टवेअरमध्ये आपण ठरवतो.

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं जे काम, तेच बफरचं. महापालिकेचं पाणी कमी-जास्त दाबाने आलं तरी टाकीत साठा असेल तोवर घरातला नळ अखंड चालतो. टाकी छोटी असेल, तर जरा पाणी गेलं की नळ फुसफुसू लागतो. बफर छोटा असताना संगणकाला क्षणभर उशीर झाला की आवाजात ‘चट’ असा खटका येतो किंवा खरखर होते. बफर मोठा केला की खटके थांबतात, पण आत आलेला आवाज बाहेर पडायला तेवढा जास्त वेळ लागतो. या उशिराला ‘लेटन्सी’ म्हणतात.

हा उशीर सहज मोजता येतो. सेकंदाला ४८,००० मोजण्या आणि १२८ चा बफर असेल, तर एक गठ्ठा २.७ मिलिसेकंदांचा होतो. २५६ ला ५.३, ५१२ ला १०.७ आणि १,०२४ ला २१.३ मिलिसेकंद लागतात. गायकाचा आवाज आत येताना एक गठ्ठा भरावा लागतो आणि हेडफोनकडे जाताना आणखी एक, म्हणून हा उशीर दुप्पट धरायचा. त्यात आवाजाचे आकडे करायला आणि आकड्यांचा पुन्हा आवाज करायला लागणारा थोडा वेळ मिळवायचा. १२८ च्या बफरवर, चांगला ड्रायव्हर (साउंड कार्ड आणि लॅपटॉप यांचा मेळ घालणारं छोटं सॉफ्टवेअर) असेल तर, एकूण उशीर साधारण ६ ते १० मिलिसेकंदांत बसतो. हवेतून आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे हा उशीर दोन-तीन मीटरवर बसलेल्या साथीदाराचा आवाज ऐकण्याएवढा झाला. मैफलीत एवढ्या अंतराची सवय प्रत्येक कलाकाराला असते.

आता तेच गणित १,०२४ च्या बफरवर करू. उशीर ४३ मिलिसेकंदांच्या पुढे जातो. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत लयीत तबलजी एका मात्रेत चार बोल वाजवत असेल, तर दोन बोलांमध्ये ६२.५ मिलिसेकंदांचं अंतर असतं. आपलाच बोल ४३ मिलिसेकंद उशिरा कानावर आला, तर कितीही तयारीचा हात असला तरी अडखळणारच. ध्वनिमुद्रण चालू असताना बफर छोटा लागतो तो यासाठी. मिक्सिंग करताना कुणी वाजवत नसतं, तेव्हा तो मोठा ठेवायला हरकत नसते. चांगला लॅपटॉप तो, जो छोट्या बफरवरही खटका येऊ देत नाही.

यातच निवडीचं मर्म आहे. १२८ च्या बफरवर लॅपटॉपला सेकंदाला ३७५ गठ्ठे तयार करून द्यायचे असतात, प्रत्येक गठ्ठा २.७ मिलिसेकंदांच्या आत. ३७४ वेळा तो वेळेवर आला आणि एकदा चुकला, तरी ती चूक ध्वनिमुद्रणात कायमची राहू शकते. जाहिरातीतले वेगाचे आकडे बहुधा कमाल वेग सांगतात. संगीताचं काम मात्र त्या एका सर्वांत वाईट क्षणावर ठरतं.

प्रोसेसर: किती कोअर, त्याआधी एकेक कोअर किती सक्षम

आजच्या प्रोसेसरमध्ये आठ, दहा, चौदा कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग, असतात. वेगवेगळे ट्रॅक वेगवेगळ्या कोअरवर वाटता येतात, त्यामुळे चाळीस-पन्नास ट्रॅकच्या गाण्यात जास्त कोअर उपयोगी पडतात. पण एका ट्रॅकवर इक्वलायझर, मग कॉम्प्रेसर, मग रिव्हर्ब अशी साखळी लावली, तर आधीच्या कडीचं काम संपल्याशिवाय पुढची सुरू होत नाही. ती संपूर्ण साखळी बहुधा एकाच कोअरला पेलावी लागते. सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात त्या मास्टर चॅनेलवरही हीच स्थिती असते. म्हणून एका कोअरची ताकद आधी पाहायची आणि कोअरची संख्या नंतर.

इंटेलच्या प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षर बरंच काही सांगतं. ‘यू’ म्हणजे कमी वीज खाणारा, पातळ लॅपटॉपसाठीचा प्रोसेसर. ‘एच’ म्हणजे जास्त वीज घेऊन जास्त काम करणारा. ‘एचएक्स’ त्याहून वरचा. एएमडीच्या रायझनमध्येही ‘यू’ आणि ‘एच’ यांचा अर्थ साधारण असाच आहे. जुन्या पिढीचा ‘आय सेव्हन’ नव्या पिढीच्या ‘आय फाइव्ह’पेक्षा मागे पडू शकतो, तेव्हा नुसता ‘सेव्हन’ पाहून पैसे मोजू नयेत.

प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. पातळ लॅपटॉप पहिली दोन-तीन मिनिटं उत्तम चालतात आणि अर्ध्या तासानंतर दमतात. ॲपलच्या मॅकबुक एअरला २०२० च्या एम-वन चिपपासून पंखाच नाही. ध्वनिमुद्रणासाठी हे मोठंच सुख आहे, कारण माइकजवळ लॅपटॉप ठेवला तरी घरघर येत नाही. मात्र तासनतास जड मिक्सिंग करताना पंखा असलेला मॅकबुक प्रो आपला वेग जास्त काळ टिकवतो. विंडोजच्या पंखेवाल्या लॅपटॉपवर गाणं मुद्रित करायचं असेल, तर माइक आणि लॅपटॉप यांच्यात अंतर ठेवावं लागतं, किंवा माइकची लांब वायर घेऊन गायकाला दुसऱ्या खोलीत उभं करावं लागतं.

प्रोसेसर कमी पडला तरी मार्ग असतो. जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक ‘फ्रीझ’ करण्याची सोय असते. त्या ट्रॅकवरचे सगळे इफेक्ट्स एकदाच मोजून त्याची तयार ऑडिओ फाइल बनते आणि प्रोसेसर मोकळा होतो. मध्यम लॅपटॉपवर मोठी गाणी याच सोयीवर पूर्ण होतात.

मेमरी आणि डिस्क: घेतानाच ठरवायच्या गोष्टी

माइकवरून आवाज मुद्रित करायला मेमरी फारशी लागत नाही. ती लागते सॅम्पल लायब्ररींना. खऱ्या वाद्याचा एकेक सूर, एकेक आघात हळू-जोरात वाजवून मुद्रित केलेला असतो आणि कीबोर्डची पट्टी दाबली की त्यातला योग्य तो तुकडा वाजतो. भारतीय वाद्यांसाठी ‘स्वरप्लग’सारखी लायब्ररी आहे. पाश्चात्त्य ऑर्केस्ट्राच्या मोठ्या लायब्ररी तर शेकडो जीबींच्या असतात. एवढं सगळं मेमरीत मावणार नाही, म्हणून कॉन्टॅक्टसारखं सॉफ्टवेअर प्रत्येक तुकड्याची फक्त सुरुवात मेमरीत ठेवतं आणि उरलेला भाग डिस्कवरून वाजता वाजता आणतं. त्यामुळे मेमरी आणि डिस्क यांचा विचार एकत्रच करायला हवा.

ठोकताळा असा धरावा. आवाज आणि एक-दोन वाद्यं मुद्रित करायची असतील तर ८ जीबी मेमरीत काम निघतं, पण नवा लॅपटॉप घेताना १६ जीबीच्या खाली जाऊ नये. सॅम्पल वाद्यांवर पूर्ण गाणी रचणाऱ्याला १६ जीबी ही किमान गरज आहे. चित्रपट-मालिकांचं पार्श्वसंगीत ऑर्केस्ट्राच्या लायब्ररी वापरून करणाऱ्याने ३२ जीबी किंवा त्याहून जास्त घ्यावी. ॲपलच्या सगळ्या नव्या लॅपटॉपमध्ये आणि विंडोजच्याही बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये मेमरी कायमची जोडलेली असते. नंतर वाढवता येत नाही. ‘आत्ता कमी घेऊ, पुढे टाकू’ हा बेत तिथे चालत नाही. मेमरीचा स्लॉट रिकामा आहे का, हे विकत घेण्याआधीच विचारावं.

डिस्कचं गणितही करून पाहण्यासारखं आहे. २४ बिट आणि ४८,००० मोजण्यांवर एक मोनो ट्रॅक मिनिटाला ८.६४ एमबी जागा घेतो. पाच मिनिटांच्या गाण्याचे २४ ट्रॅक म्हणजे सुमारे १ जीबी. प्रत्येक गायकाचे चार-पाच टेक ठेवले की हाच आकडा कित्येक पट होतो. ५१२ जीबीची एसएसडी ही चांगली सुरुवात आहे. १ टीबी असेल तर निर्धास्तपणे काम करता येतं. २५६ जीबीमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम, सॉफ्टवेअर आणि दोन-चार लायब्ररी बसल्या की गाण्यांना जागाच उरत नाही.

जुनी फिरती हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी वाचते, साटा एसएसडी सुमारे ५५० आणि एनव्हीएमई एसएसडी ३,००० किंवा त्याहून जास्त. फिरत्या डिस्कवरून सॅम्पल वाजवणं आज योग्य ठरणार नाही, पण गाण्यांच्या जादा प्रती ठेवायला ती अजूनही स्वस्त आणि उपयोगी आहे. लायब्ररी बाहेरच्या यूएसबी एसएसडीवर ठेवल्या तर उत्तम चालतात, त्यामुळे लॅपटॉपच्या आतली महागडी डिस्क वाढवण्याचे पैसे वाचू शकतात. एक नियम मात्र न मोडता पाळावा: प्रत्येक गाण्याची मूळ फाइल, मुद्रित केलेल्या सगळ्या ट्रॅकसह, किमान दोन वेगळ्या डिस्कवर असावी. लॅपटॉप पुन्हा विकत घेता येतो, पण कलाकाराचा तो टेक पुन्हा मिळत नाही.

सॉकेट आणि साउंड कार्ड

आपल्याकडे ज्याला सरसकट साउंड कार्ड म्हणतात, तो ऑडिओ इंटरफेस म्हणजे माइक आणि लॅपटॉप यांच्यामधला दुवा. कंडेन्सर माइकला लागणारी ४८ व्होल्टची वीज तो देतो, आवाजाचे आकडे करतो आणि परत येणारा आवाज हेडफोनला पोचवतो. बऱ्याच इंटरफेसमध्ये गायकाचा आवाज लॅपटॉपला वळसा न घालता थेट हेडफोनमध्ये देण्याची सोय असते. ती वापरली की साधारण लॅपटॉपवरही गायकाला उशीर जाणवत नाही. लॅपटॉपमध्ये मुळातच असलेलं माइकचं छिद्र या कामासाठी बनवलेलं नाही.

इंटरफेस जोडायला महागडं, वेगवान ‘थंडरबोल्ट’ सॉकेट लागतंच, असा समज आहे. गणित करून पाहा. २४ बिटचा एक चॅनेल सेकंदाला १.१५ मेगाबिट माहिती पाठवतो. सोळा माइक एकाच वेळी चालू असले तरी ही बेरीज १८-१९ मेगाबिट होते आणि जुन्या यूएसबी २.० ची क्षमता ४८० मेगाबिट आहे. दोन, चार, आठ माइकांच्या कामाला साधं यूएसबी भरपूर झालं.

लक्ष द्यायचं ते सॉकेटच्या संख्येकडे. इंटरफेस, मिडी कीबोर्ड, बाहेरची एसएसडी आणि काही सॉफ्टवेअरचा परवाना असलेली आयलॉकसारखी यूएसबी चावी, एवढं सगळं एका वेळी लागतं. दोनच यूएसबी-सी सॉकेट असतील आणि त्यातलं एक चार्जरने अडवलं, तर हब घ्यावाच लागतो. स्वस्त हबमधून इंटरफेसला पुरेशी वीज मिळाली नाही की तो मध्येच बंद पडतो. म्हणून इंटरफेस थेट लॅपटॉपला जोडावा आणि बाकीची यंत्रं हबवर ठेवावीत. यूएसबी-सी हे सॉकेटच्या आकाराचं नाव आहे. त्यातून माहिती किती वेगाने जाईल, चार्जिंग होईल की नाही, हे लॅपटॉपच्या तपशिलात वेगळं पाहावं लागतं.

हेडफोन वायरचाच हवा. ब्लूटूथवर आवाज पोचायला १०० मिलिसेकंद किंवा त्याहूनही जास्त वेळ लागू शकतो, आणि आपण वर केलेल्या लयीच्या हिशेबात तो कुठेच बसत नाही.

मॅक की विंडोज

हा वाद सॉफ्टवेअरपासून सोडवावा. लॅपटॉपमध्ये लॉजिक प्रो फक्त मॅकवर चालतं. १९९७ मध्ये ‘फ्रूटीलूप्स’ म्हणून विंडोजवर जन्मलेलं एफएल स्टुडिओ २०१८ पासून मॅकवरही चालतं. क्यूबेस, एबल्टन लाइव्ह, प्रो टूल्स, स्टुडिओ वन आणि रीपर दोन्हींकडे आहेत. तुमचा गुरू, तुमचा अरेंजर किंवा ज्या स्टुडिओत गाणं मिक्सिंगला जाणार तो स्टुडिओ काय वापरतो, ते पाहावं. शिकण्याच्या काळात शेजारी मदतीला माणूस असणं सगळ्यात मोलाचं असतं.

मॅकमध्ये आवाजाची व्यवस्था, म्हणजे कोअर ऑडिओ, ऑपरेटिंग सिस्टिमचाच भाग आहे. त्यामुळे इंटरफेस जोडला की बहुतेक वेळा लगेच काम सुरू होतं. विंडोजवर व्यावसायिक काम स्टाइनबर्गने १९९७ मध्ये आणलेल्या ‘एएसआयओ’ ड्रायव्हरवर चालतं. तो इंटरफेस बनवणारी कंपनी देते आणि तो किती चांगला लिहिला आहे यावर बरंच अवलंबून असतं. विंडोज लॅपटॉप शेकडो प्रकारचे असतात. त्यांतला वाय-फायचा, ग्राफिक्स कार्डचा किंवा बॅटरीचा एखादा ड्रायव्हर अधूनमधून प्रोसेसर अडवून धरतो आणि ताकदवान लॅपटॉपही खटके देऊ लागतो. ‘लेटन्सीमॉन’ हे छोटं सॉफ्टवेअर नेमका दोषी ड्रायव्हर दाखवून देतं. ध्वनिमुद्रणाच्या वेळी वाय-फाय बंद करणं, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलणं, विजेची सेटिंग पूर्ण क्षमतेवर ठेवणं, अशा उपायांनी पुष्कळ लॅपटॉप सुधारतात.

२०२४ पासून विंडोजचे काही लॅपटॉप स्नॅपड्रॅगन एक्स चिपवर येऊ लागले. बॅटरी भरपूर चालते, वजन कमी असतं. पण जुन्या इंटेल पद्धतीसाठी लिहिलेले ड्रायव्हर त्यांवर चालू शकत नाहीत; त्या चिपसाठी वेगळा ड्रायव्हर लागतो. आपल्या इंटरफेसच्या कंपनीने तो दिला आहे याची खात्री झाल्याशिवाय असा लॅपटॉप घेऊ नये.

मॅकवाल्यांसाठी वेगळी सूचना आहे. ॲपल जुन्या गोष्टींचा आधार लवकर काढून घेतं. २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीत ३२ बिटची सगळी सॉफ्टवेअर चालायची बंद झाली आणि अनेकांचे जुने प्लगिन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायचे इफेक्ट्स आणि वाद्यं, त्यात गेले. इंटेल चिपच्या मॅकना नवी आवृत्ती मिळण्याची मालिका २०२५ च्या ‘टाहो’पाशी संपली आहे, म्हणून इंटेलचा जुना मॅक स्वस्तात मिळाला तरी आता घेऊ नये. दोन्ही पक्षांना लागू होणारा नियम असा की, हातातलं गाणं संपेपर्यंत ऑपरेटिंग सिस्टिम अपडेट करू नये.

गाण्यापाशी जाणारा स्टुडिओ

लॅपटॉप सोबत नेता येतो ही फक्त सोय नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या बायकांच्या घरी आणि जात्यापाशी जाऊन. असं संगीत स्टुडिओत बोलावता येत नाही. देवळातलं कीर्तन, गावातली भजनी मंडळी, दौऱ्यावरचं नाटक, या सगळ्यांकडे यंत्रालाच जावं लागतं. वजन, उष्णता आणि वीज या तीन गोष्टी तिथे महत्त्वाच्या ठरतात.

वजनात चार्जरही धरायला हवा. १३ इंची मॅकबुक एअर सव्वा किलोचा आहे. गेमिंग लॅपटॉप सव्वादोन-अडीच किलोचा असतो आणि त्याचा चार्जर वेगळा वजनदार. नेहमी फिरणाऱ्याला १४ इंची पडदा हा चांगला मध्य आहे. घरी मोठा मॉनिटर जोडता येतो.

ॲपल आपले लॅपटॉप १० ते ३५ अंश सेल्सिअसमध्ये वापरायला सांगतं. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. मांडवातल्या उन्हात, गादीवर ठेवलेल्या आणि खालची छिद्रं बुजलेल्या लॅपटॉपकडून वेळेवर कामाची अपेक्षा करता येत नाही. त्याला सावली, सपाट जागा आणि खालून थोडी उंची द्यावी.

विजेची अडचण दुहेरी असते. वीज जाते तेव्हा बॅटरी तारते, पण विंडोज लॅपटॉप बॅटरीवर गेला की प्रोसेसरचा वेग उतरवतो, म्हणून विजेची सेटिंग हाताने बदलावी लागते. दुसरा त्रास अर्थिंगचा. जुन्या घरांत, देवळांत, सभागृहांत अर्थिंग नीट नसेल तर ध्वनिमुद्रणात ५० हर्ट्झची गुणगुण शिरते आणि धातूच्या लॅपटॉपला हात लावला की झिणझिण्या येतात. लॅपटॉप आणि इंटरफेस एकाच बोर्डवर लावावेत, तीन पिनांचा चार्जर वापरावा आणि गुणगुण थांबत नसेल तर तेवढा टेक चार्जर काढून बॅटरीवर घ्यावा. प्लगची अर्थिंगची पिन काढण्याचा उपाय कुणी सुचवला तरी करू नये. तो जिवावर बेतू शकतो.

कुणी काय घ्यावं

भजन, अभंग, गझल, पॉडकास्ट, पुस्तकवाचन यांसाठी एकावेळी दोन-चार माइक मुद्रित करणाऱ्याला पंखा नसलेला किंवा शांत पंख्याचा हलका लॅपटॉप, १६ जीबी मेमरी आणि ५१२ जीबी एसएसडी पुरते. सॅम्पल वाद्यांवर गाणी रचणाऱ्याने पंखा असलेला ‘एच’ वर्गातला प्रोसेसर किंवा ॲपलची एम मालिका, १६ ते ३२ जीबी मेमरी आणि १ टीबी डिस्क पाहावी. ऑर्केस्ट्राच्या पार्श्वसंगीताला ३२ जीबी किंवा जास्त मेमरी, आणि लायब्ररींसाठी बाहेरची वेगळी एसएसडी. रंगमंचावर, नाटकात किंवा वाद्यवृंदात लॅपटॉप वापरणाऱ्याने विश्वासार्हतेला पहिला मान द्यावा: त्या लॅपटॉपवर संगीताव्यतिरिक्त काहीही ठेवू नये, इंटरनेट बंद ठेवावं आणि तयार ट्रॅक मोबाइलवरही सोबत असावेत.

महागडं ग्राफिक्स कार्ड, फोर-के पडदा, टचस्क्रीन आणि लॅपटॉपचे ‘दमदार’ स्पीकर यांचा संगीताच्या कामात उपयोग फार थोडा. व्हिडिओचंही काम करणार असाल तर ग्राफिक्स कार्डाचा विचार करा. एरवी तेच पैसे मेमरीत घाला.

दुकानात जाताना

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची तपकीर गल्ली असो की ऑनलाइन दुकान, लॅपटॉप नवा असो वा वापरलेला, तो वाजवून पाहावा. रीपर हे सॉफ्टवेअर ६० दिवस पूर्ण स्वरूपात वापरून पाहता येतं आणि पेन ड्राइव्हवरूनही चालवता येतं. आपलं एखादं जड गाणं पेन ड्राइव्हवर न्यावं आणि दुकानदाराच्या परवानगीने वीस मिनिटं वाजवावं. पंखा किती ओरडतो, लॅपटॉप किती तापतो, आवाजात खटका येतो का, एवढं तिथेच कळतं. जमलं तर आपला इंटरफेस आणि हेडफोन सोबत न्यावा, त्याचा ड्रायव्हर घालून बफर १२८ वर ठेवावा आणि गाणं पुन्हा वाजवावं. ऑनलाइन घेतल्यास परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे ते आधी वाचून, हीच चाचणी पहिल्याच दिवशी करावी.

वापरलेल्या लॅपटॉपमध्ये बॅटरी पाहावी. मॅकमध्ये बॅटरी किती वेळा पूर्ण वापरली गेली याची नोंद असते आणि ॲपल सध्याच्या लॅपटॉपच्या बॅटरीसाठी १,००० फेऱ्यांची मर्यादा सांगतं. आधीच्या मालकाच्या खात्यातून मॅक मोकळा केलेला असल्याची खात्री करूनच पैसे द्यावेत. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे विंडोज ११ अधिकृतपणे चालणारा, म्हणजे इंटेलचा प्रोसेसर असेल तर आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लॅपटॉप असावा.

शेवटी पैशांविषयी. सगळं बजेट लॅपटॉपवर संपवून दोनशे रुपयांच्या माइकवर गाणं मुद्रित करणारे होतकरू कलाकार आपल्या आजूबाजूला पुष्कळ आहेत. श्रोत्याला प्रोसेसर ऐकू येत नाही. त्याला माइक ऐकू येतो, खोलीचा घुमारा ऐकू येतो आणि गाणं ऐकू येतं. म्हणून शंभर रुपये हातात असतील तर साठाच्या वर लॅपटॉपवर घालू नका. उरलेल्या चाळिसांत इंटरफेस, बरा माइक, वायरचा हेडफोन, जादा प्रतीसाठी एक डिस्क आणि खोलीत लावायला जाड पडदे येऊ द्या. आधी काम ठरवा, मग सॉफ्टवेअर, मग इंटरफेस आणि सगळ्यात शेवटी लॅपटॉप. या क्रमाने घेतलेला मध्यम किमतीचा लॅपटॉप पुढची चार-पाच वर्षं तुमचं संगीत न अडखळता सांभाळेल.